बर्फातलं वाहतं पाणी, मॅन्युअल मोडवर एक्स्पोजर जमत नाहीये. मदत हवी आहे

केळीपट्टा:
जानेवारीत परत मनालीला चाललोय, म्हणून जरा लवकर सांगा. अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला चंद्रा नदी बर्फातून वाहते, तिचा फोटो हवाय. पाणी रेशमी आणि बर्फ पांढरा. मागच्या खेपेला सगळं मॅन्युअलवर काढलं. शटर १/५०० सेकंदाला बर्फ मळकट, निळसर राखाडी. १/४ ला आणलं की सगळं पांढरंफट्टक, नदी कुठे आणि काठ कुठे तेच कळत नाही. 'एक्स्पोजरचा त्रिकोण (शटर, ॲपर्चर, आयएसओ) समजून घ्या' हे कृपया सांगू नका, ते वाचून झालंय. सेटिंग सांगा.

गिरणाकाठ:
कॅमेरा कोणता? ऊन होतं की ढगाळ? ट्रायपॉड? ॲपर्चर किती, आयएसओ किती? एवढं कळल्याशिवाय सेटिंग कसं सांगणार?

साक्रीकर:
भाऊ, तू बठ्ठं सांगशी तवय आमले समजी.

केळीपट्टा:
कॅनन २०० डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स. ट्रायपॉड आहेच. दुपारचे बारा-एक, कडक ऊन. ॲपर्चर आठ ते बावीस, सगळं करून पाहिलं.

सातपुडा भटक्या:
हजारचा एनडी फिल्टर (उजेड हजारपट कमी करणारी काळी काच) घ्या, विषय संपला. तोरणमाळला सीताखाईत मी तोच लावतो, भर दुपारीसुद्धा पाणी मऊ येतं.

भुसावळ जंक्शन:
बॅटऱ्या दोन-तीन न्या आणि आतल्या खिशात ठेवा, थंडीत भराभर उतरतात. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. जाताना पंजाब मेलने दिल्लीपर्यंत जाणार का? भुसावळहून सोयीची आहे.

केळीपट्टा:
गाडीचं आरक्षण झालंय. बॅटरीचा प्रश्नच नाही, एक्स्पोजरचं कोणी सांगेल का?

गिरणाकाठ:
आयएसओ अजून सांगितला नाही तुम्ही.

केळीपट्टा:
ऑटो. तो कॅमेरा बघतो ना.

गिरणाकाठ:
मग सगळं तिथेच आहे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ऑटो असेल तर मॅन्युअल मोडमध्येही फोटो किती उजळ यायचा ते कॅमेराच ठरवतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. त्याच्यापुढे पांढरा बर्फ आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो बर्फाला राखाडीपर्यंत खाली ओढतो. तुम्ही १/५०० चं १/१००० केलंत तरी तो आयएसओ दुप्पट करतो, म्हणजे फोटो तेवढाच मळका. १/४ ला मात्र आयएसओ १०० पर्यंत उतरला, त्याखाली जायला जागा नाही, आणि उन्हातल्या बर्फावर १/४ सेकंद म्हणजे बावीसच्या ॲपर्चरलाही, म्हणजे अगदी बारीक छिद्रालाही, चारेक स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणून पांढरंफट्टक. दोन्ही फोटोंचं कारण एकच.

आता करायचं असं. आयएसओ १०० वर पक्का करा. स्पॉट मीटरिंग (फक्त मधल्या ठिपक्यातला उजेड मोजणारं) लावा, उन्हातल्या बर्फाच्या सगळ्यात उजळ तुकड्यावर नेम धरा आणि मीटरचा काटा अधिक दीड ते दोनवर येईपर्यंत शटर फिरवा. फोटो काढून प्ले करा. जो भाग लुकलुकतो तिथला बर्फ गेला, अर्धा स्टॉप खाली या. एकदा जमलं की काळे खडक फ्रेममध्ये येवोत की जावोत, आकड्याला हात लावू नका.

जळगाव क्लिक:
एवढी खटपट कशाला? ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे शटर कॅमेराच ठरवतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक दीड, झालं. डोंगरात ढग मिनिटामिनिटाला येतात, तेव्हा मॅन्युअलवाला काटा जुळवत बसतो.

गिरणाकाठ:
ढग असतील तर मान्य. पण नदीच्या फोटोत फ्रेम जरा फिरवली की अर्ध्या भागात काळं पाणी आणि ओले खडक येतात. तिथे ॲपर्चर प्रायॉरिटी शटर लांबवते, वर तुमचा अधिक दीड, आणि काठचा बर्फ जातो. शिवाय त्यांनी मॅन्युअलच विचारलंय.

सातपुडा भटक्या:
फिल्टरशिवाय भर उन्हात रेशमी पाणी येणारच नाही, हे तरी मान्य करा.

गिरणाकाठ:
मान्य, पण हजारचा नको. उन्हातल्या बर्फाला आयएसओ १००, एफ/२२ ला साधारण १/१०० लागतं, म्हणजे एफ/११ ला १/४००. हजारच्या फिल्टरने त्याचे अडीच सेकंद होतात. चंद्रेसारख्या जोरदार पाण्यात तेवढ्या वेळात फेसाच्या रेषा पुसून जातात, उरतं नुसतं धुकं. ६४ चा फिल्टर सहा स्टॉप कापतो, शटर १/६ च्या आसपास येतं. त्यावर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला तर अर्धा सेकंद. पाव ते एक सेकंदात पाणी मऊही दिसतं आणि त्याची धारही राहते. बावीसचं ॲपर्चर टाळा, बारीक छिद्रातून उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळंच मऊ पडतं. आणि बारा वाजता कशाला जाता? सूर्य डोंगराआड असताना तीन-चार स्टॉप उजेड आपोआप कमी असतो.

चोपड्याची ताई:
सिस्सूला पोचून शिकायला वेळ मिळत नाही, बोटं गारठतात. घरीच शिका. सध्या अंगणात कापूस पडलाय ना? दुपारच्या उन्हात त्या ढिगापुढे मोटारीच्या पाइपचं पाणी सोडा. ऑटोवर काढा, कापूस राखाडी येईल. मग काटा अधिक दीडवर न्या. फोटो मोठा करून बघा, बोंडातून सुटलेले तंतू वेगवेगळे दिसले पाहिजेत. नुसता पांढरा डाग दिसला तर जास्त झालं. मी अशीच शिकले.

जळगाव क्लिक:
ताई, बर्फ कापसापेक्षा उजळ असतो.

चोपड्याची ताई:
असू दे की. शटरचा आकडा बदलेल, काट्याची जागा तीच राहते.

साक्रीकर:
बर्फ निळा येतो त्याचं कुणीच बोललं नाही. सावलीतल्या बर्फावर आकाशाचा निळा उजेड पडतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचं सेटिंग, 'शेड'वर ठेवून बघ.

केळीपट्टा:
आयएसओ १०० करून कापसावर काढलं. काटा दोनवर नेला तर ढिगाचा वरचा भाग लुकलुकतोय, दीडवर तंतू दिसतात. पाणी मात्र १/२०० ला थेंब थेंब गोठलेलं. म्हणजे ६४ चा फिल्टर लागणारच. मागवताना कोणतं माप टाकू?

गिरणाकाठ:
लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलावर तिरकी रेघ असलेलं चिन्ह असेल, त्यापुढचा आकडा. तुमच्या १८-५५ ला ५८ मिमी. आणि फोकस फिल्टर लावायच्या आधीच करून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका.