मदत हवी आहे: थंडीत मेथी-पालक टिकवायला कापड की प्लास्टिक?

मंडळी, आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत असतो, बॅकयार्डात ४ बाय ८ फुटांचे दोन वाफे आहेत. उन्हाळ्यात दुधी आणि भेंडी इतकी येते की वाटून वाटून दमतो, मग ऑक्टोबर सरता सरता एक दिवस फ्रॉस्ट पडतं आणि सकाळी बघावं तर सगळं उकडल्यासारखं काळंठिक्कर. भेंडीचं सोडा, ती जाणारच, पण यंदा डिसेंबरात आईबाबा येतायत आणि आईला घरची मेथी-पालक खायला घालायचीच असं डोक्यात घेतलंय.

मागच्या वर्षी एक प्रयोग करून तोंडावर आपटलोय. पेंटिंगला वापरतात ते पातळ प्लास्टिक सरळ झाडांवर अंथरलं आणि कडेला विटा ठेवल्या. जिथे प्लास्टिक पानांना टेकलं तिथे पानं करपली, आणि नोव्हेंबरात एका दिवशी कडक ऊन पडलं, आम्ही दोघं ऑफिसात, काढायला कोणी नाही, घरी येऊन बघतो तर आत पालकाची भाजी तयार, फक्त फोडणी बाकी!

बाबा निफाडचे, द्राक्षवाले. फोनवर म्हणाले पहाटे शेकोट्या पेटव, आम्ही बागेत तेच करतो. इथे पहाटे ४ ला बॅकयार्डात धूर केला तर आधी फायर ब्रिगेड येईल :)

तर प्रश्न असा की ते झाडांवर पांघरायचं पांढरं, विरळ रो कव्हरचं कापड घेऊ का कमानी करून जाड प्लास्टिक? बर्फाचं वजन पेलेल का? आणि मेथी आत्ता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकली तर चालेल ना?

प्रतिसाद १
दोन्ही घ्या. पातळ कापड झाडांवर टेकलं तरी चालतं, पाणी-हवा जाते, पण त्याने जेमतेम तीन-चार डिग्री फॅरेनहाइटचाच फरक पडतो. खरी थंडी सुरू झाली की अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या कमानी, त्यावर ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे) प्लास्टिक. कमानी दोन-दोन फुटांवर लावा आणि बर्फ पडला की झाडूने लगेच पाडा. ऊन असेल त्या दिवशी सकाळी निघताना दोन्ही टोकं उघडी टाकायची, विसरलात की परत तीच भाजी.

आणि खरी गोची थंडीची नाही, उजेडाची आहे. तुमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिवस १० तासांपेक्षा लहान असतो, तेव्हा झाडं वाढतच नाहीत, नुसती जिवंत राहतात. म्हणजे तो कमानींवरच्या प्लास्टिकचा बोगदा हा फ्रीज समजा, त्याआधी वाढलं तेवढंच खायला मिळणार. पेरणी आजच करा. पालक टिकेल, मेथी काही तेवढी चिवट नाही.

धागाकर्ता
अरे देवा, उजेडाचं डोक्यातच नव्हतं. आज संध्याकाळीच पालक टाकतो. पण सकाळी पानं गोठलेली दिसली तर लगेच तोडायची का?

प्रतिसाद २
हातसुद्धा लावू नका! दुपारी आपोआप सैल होतात, मग तोडा. गोठलेली तोडलीत तर घरात लगदा होतो.