डिफेनेस्ट्रेशन म्हणजे नक्की काय?

प्रश्न : एका इंग्रजी लेखात कुण्या पक्षनेत्याचं 'डिफेनेस्ट्रेशन' झालं असं वाचलं. कोशात अर्थ सापडला 'खिडकीतून बाहेर फेकणे'. नेत्याला खरंच फेकलं की काय? आणि एवढ्याशा क्रियेला स्वतंत्र शब्द कशाला लागला?

– फेकलं नसणार, पदावरून हटवलं असेल. लॅटिनमध्ये 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी आणि 'डे' म्हणजे -मधून. शब्द रूढ झाला तो प्रागमुळे. बोहेमियातल्या (म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्रोटेस्टंटांना १६०९ साली सम्राट रुडॉल्फने धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. ती धाब्यावर बसवून त्यांची चर्च बंद होऊ लागली, तेव्हा २३ मे १६१८ रोजी तिथले सरदार काउंट थुर्नच्या पुढाकाराने प्रागच्या किल्ल्यातल्या कचेरीत घुसले. स्लावाटा आणि मार्टिनिट्स या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना जाब विचारला आणि उचलून खिडकीबाहेर दिलं. स्लावाटा चौकटीला लोंबकळला, तर खंजिराच्या मुठीने त्याची बोटं ठेचली. पाठोपाठ फाब्रिशियस नावाच्या चिटणिसालाही भिरकावलं. (कारकुनाचं नशीब, दुसरं काय!) साधारण २० मीटर खाली पडून तिघेही जगले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्याने. यातूनच युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. फाब्रिशियसला पुढे सरदारकी मिळाली, किताब 'फॉन होहेनफाल'. मराठीत आडनाव करायचं तर 'उंचपडे'.

प्रागला ही पहिली वेळ नव्हती. १४१९ साली हुसपंथीयांनी (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांनी) नगरसभेच्या इमारतीतून नगरसेवक खाली फेकले होते. ते मात्र वाचले नाहीत.

– गोव्यात खिडकीला 'जनेल' म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध?

– नाही. ते पोर्तुगीज 'जनेला'वरून आलं आणि त्याचं मूळ दार या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. फेनेस्ट्राची खरी भावंडं म्हणजे जर्मन 'फेन्स्टर' आणि फ्रेंच 'फनेत्र'.

– मराठीत 'कडेलोट' तयार आहे की! टकमक टोक विसरलात?

– कडेलोट ही शिक्षा. गुन्हा, निवाडा, मग कडा. प्रागमध्ये निवाडा करणारे आणि ढकलणारे तेच, आणि जागा कचेरीची. शिवाय कडेलोट आता 'सहनशीलतेचा' होतो, माणसाचा नाही.

– मग 'गवाक्षपात'?

– पात म्हणजे आपोआप पडणं. निदान 'पातन' तरी करा. पण कोण बोलणार आहे ते? 'खिडकीतून भिरकावलं' एवढं पुरे. राजकारणातल्या अर्थासाठी मात्र माझं मत 'उचलबांगडी'ला. हातपाय धरून माणूस उचलून नेणं हा मूळ अर्थ, आणि आज अध्यक्षांची, आयुक्तांची, प्रशिक्षकांची होते तीही उचलबांगडीच. इंग्रजी शब्दही असाच अंगावरून पदावर गेला. 'गच्छंती'ही चालेल, पण तिच्यात कुणी धरून उचलल्याचा भास नाही.

– रशियात कुणी बडी असामी खिडकीतून पडली की इंग्रजी वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात. ते बरोबर का?

– ढकलल्याचं सिद्ध असेल तरच. १० मार्च १९४८ ला चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री यान मासारिक प्रागच्या चेर्निन राजवाड्यात स्नानगृहाच्या खिडकीखाली मृत सापडले. कम्युनिस्टांनी सत्ता घेऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. सरकारने आत्महत्या म्हटलं, पुढे प्रागच्या पोलिसांनी खून म्हटलं आणि २०२१ मध्ये तपास निष्कर्षाविना बंद झाला. तरी लोक बिनदिक्कत 'प्रागचं आणखी एक डिफेनेस्ट्रेशन' लिहितात.