गॅरेजवरच्या खोलीसाठी व्हेंटचा बूस्टर पंखा घ्यावा का?

प्रश्न

नमस्कार. न्यू जर्सीतल्या आमच्या दुमजली घरात एकच फर्नेस (हवा तापवून घरभर पाठवणारी भट्टी) आणि एकच सेंट्रल एसी आहे. थर्मोस्टॅट खाली दिवाणखान्यात आहे. गॅरेजच्या वरच्या बेडरूममध्ये सध्या भारतातून आलेले माझे सासू-सासरे राहतात. खाली ७० अंश फॅरनहाइट असताना त्यांची खोली ६४ अंशांच्या वर जात नाही, आणि उन्हाळ्यात तीच खोली सर्वांत जास्त तापते. तिथला व्हेंट (गरम-गार हवा खोलीत सोडणारे, जाळी लावलेले तोंड) जमिनीत असून फर्नेसपासून सर्वांत लांब आहे आणि त्यातून येणारा झोत मंद आहे. झोत वाढवण्यासाठी जाळीच्या जागी बसणारा, साध्या सॉकेटवर चालणारा बूस्टर पंखा पुरेल, की डक्टच्या (हवा वाहून नेणाऱ्या नळाच्या) आत बसवायचा पंखा घ्यावा? दोघे रात्री दार बंद करून झोपतात, म्हणून आवाजाचीही काळजी वाटते.

प्रतिसाद १

दार बंद असते, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बऱ्याच घरांत हवा परत नेणारी रिटर्नची जाळी फक्त पॅसेजमध्ये असते. दार लावले की खोलीत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला दाराखालची फट एवढीच वाट उरते, खोलीत दाब वाढतो आणि व्हेंटचा झोत आणखी मंदावतो. अशा खोलीत पंखा बसवला, तरी तो त्या दाबाशीच झगडत राहील. आधी एक रात्र दार थोडे उघडे ठेवून खोलीत साधा थर्मामीटर ठेवा. फरक पडला तर दार खालून थोडे कापून घेणे किंवा दारावरच्या भिंतीत आरपार जाळी बसवणे हाच खरा उपाय आहे. फर्नेसचा फिल्टर आणि त्या खोलीकडे जाणाऱ्या डक्टच्या फाट्यावरचा डॅम्परही (हवा कमी-जास्त करणारी झडप) पाहून घ्या, कारण डॅम्पर अर्धवट बंद राहिलेला पुष्कळदा आढळतो. वरच्या खोलीला जास्त हवा मिळावी म्हणून खालचे व्हेंट मात्र सरसकट बंद करू नका. त्याने डक्टमधला दाब वाढतो, हिवाळ्यात फर्नेस जास्त तापून मध्येच बंद पडू शकते आणि उन्हाळ्यात एसीच्या कॉइलवर बर्फ धरू शकतो.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, पण खोली गॅरेजवर असल्यामुळे सुरक्षिततेचा एक मुद्दा आवर्जून मांडतो. त्या खोलीचा डक्ट बहुधा गॅरेजच्या छतातून जात असेल. फर्नेसचा मुख्य पंखा चालू असताना डक्टमधला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे सांधे गळके असले तर हवा बाहेर जाते. परंतु मुख्य पंखा थांबल्यावर बूस्टर एकटाच चालू राहिला तर तो डक्टमधून हवा ओढतो, आणि त्याच सांध्यांमधून गॅरेजमधली हवा, गाडीच्या धुरासकट, झोपायच्या खोलीत येऊ शकते. म्हणून पंखा घेण्यापूर्वी सांधे मॅस्टिकने (सांध्यांवर फासायच्या लेपाने) किंवा धातूच्या फॉइल टेपने बंद करून घ्यावेत. कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटते. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या माहितीप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत वाया जाते, त्यामुळे सांधे बंद केल्यानेच झोत सुधारण्याची शक्यता आहे. खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा (धुरातल्या विषारी वायूचा) अलार्मही हवाच.

त्यानंतरही गरज उरली तर जाळीच्या जागी बसणारा, डक्टमधली हवा गरम किंवा गार झाल्याचे ओळखून आपोआप सुरू होणारा आणि वेग कमी-जास्त करता येणारा पंखा निवडा. तो फार वीज खात नाही आणि कमी वेगावर त्याचा आवाज सहसा झोपेच्या आड येत नाही. डक्टच्या आतल्या पंख्याची ओढ जास्त असते, पण त्याला इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र वायरिंग करून मुख्य पंख्याशी जोडावे लागते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दार उघडे ठेवल्यावर खोली दोनेक अंशांनी उबदार झाली, पण जमीन अजूनही पायाला गार लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे हे लवकर सोडवायचे आहे.

प्रतिसाद २

जमीन गार लागते याचा अर्थ गॅरेजच्या छतातले इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा थर) अपुरे आहे किंवा खाली सरकून जमिनीपासून सुटले आहे. ते खोलीच्या जमिनीखालच्या लाकडी फळ्यांना घट्ट टेकलेले असावे लागते आणि कडेच्या फटी बंद असाव्या लागतात. छत उघडाल तेव्हा डक्टचे सांधे त्याच वेळी बंद करून घ्या. तोपर्यंत जाड गालिचा अंथरा, पण व्हेंट झाकू नका. पुढे पंखा घेतलाच, तर जाळीचे नव्हे, जाळी काढल्यावर दिसणाऱ्या भोकाचे माप घ्या, आणि त्याची वायर गालिच्याखालून नेऊ नका.