शब्दचर्चा: पुतळा हलवला, हटवला की स्थलांतरित केला?

रानजाई:
आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी मिसिसिपी विद्यापीठातल्या पुतळ्यावर लिहितेय. संगमरवरी कॉन्फेडरेट (अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या फौजेचा) सैनिक, सलाम ठोकून उभा. १९०६ पासून विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर होता. १४ जुलै २०२० ला तिथून काढून आवारातल्याच जुन्या दफनभूमीत नेला. मी 'स्थलांतर' लिहिलं, तर संपादकांना ते कोरडं वाटतं. ते 'उचलबांगडी' सुचवताहेत. शिवाय लेखाच्या शेवटी काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांचं 'वांशिक ऐक्य' आलंय, ते वाचून १५ ऑगस्टच्या भाषणाची आठवण होते. सुचवा काहीतरी.

पाटीपेन्सिल:
उचलबांगडी अजिबात नको. हातपाय धरून एखाद्याला बाहेर नेऊन टाकणं, हा तिचा मूळ अर्थ. ती ध्यानीमनी नसताना होते. इथे सगळं रीतसर झालंय. ५ मार्च २०१९ ला विद्यार्थी सिनेटने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधी मंडळाने, ४७ विरुद्ध ० मतांनी पुतळा हलवण्याचा ठराव केला. ठराव मांडणाऱ्यांत गोरे होते, काळेही होते. प्राध्यापकांनी पाठिंबा दिला. तरी राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाची मंजुरी यायला १८ जून २०२० उजाडला. पंधरा महिने फाइल फिरत होती, याला उचलबांगडी म्हणतात का?

शेंदरी:
मग स्थलांतर काय वाईट आहे? 'आमचे दुकान समोरच्या गल्लीत स्थलांतरित झाले आहे' अशा पाट्या आपण रोज वाचतो.

पाटीपेन्सिल:
वाईट नाही, बातमीत चालेल. पण दुकान नव्या जागीही दुकानच राहतं, गिऱ्हाईकही तेच. इथे जागा बदलल्यावर पुतळ्याचा मानच बदलला, ते त्या शब्दात येत नाही. 'हटवणे' म्हटलं की मला महापालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी दिसते, आणि वाचकाला वाटेल की पुतळा पार नाहीसा केला.

आजोळकर:
साधं 'हलवला' लिहा की! आमच्याकडे गणपतीची उत्तरपूजा झाली की अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी, बोटभर सरकवतात. 'गणपती हलवला' म्हणतात. मूर्ती पाटावरच असते, हार तेच, दूर्वा त्याच, पण देवत्व उतरलं. मग ती उचलायला मोकळी. विद्यार्थ्यांची मागणी हीच होती. दगड फोडा असं कुणी म्हणत नव्हतं, त्याला पूजास्थानावरून उतरवा म्हणत होते.

शेंदरी:
काका, गणपतीला आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो. या शिपायाला तसं कोण म्हणणार?

रानजाई:
म्हणणारे होते ना, तीच तर गंमत. मंजुरीनंतर दफनभूमीचा आराखडा बाहेर आला. त्यात पुतळ्यासाठी सुशोभीकरण, वर तिथल्या कॉन्फेडरेट सैनिकांच्या नावे नवे दगड! विद्यार्थी आणि प्राध्यापक खवळले. आम्ही बाजूला करा म्हटलं, तुम्ही तर तीर्थक्षेत्र बांधताय, असा त्यांचा सूर होता. शेवटी ते दगड वगळले, पुतळा मात्र गेला. काकांच्या भाषेत सांगायचं तर मागणी हलवण्याची होती आणि आराखडा पुनर्प्रतिष्ठापनेचा निघाला. दोन्ही शब्द घेते.

घाटवाट:
आता 'वांशिक ऐक्य'. 'वर्ण' घेतलात तर मराठी वाचक चातुर्वर्ण्यात जाऊन पोचतो, म्हणून 'वंश' ठीक. पण 'वांशिक सलोखा' लिहू नका. आपल्याकडे दंगलीनंतर शांतता समितीची बैठक भरते, त्या पत्रकातला हा शब्द. दोन तुल्यबळ गट भांडले आणि पोलीस ठाण्यात चहा पिऊन मिटलं, असा वास त्याला येतो. इथे दोन बाजू तुल्यबळ कधी होत्या? १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ हा काळा विद्यार्थी प्रवेश घ्यायला आवारात आला, त्या रात्री दंगल झाली, दोन जण मेले, त्यात एक फ्रेंच पत्रकार. माजी जनरल एडविन वॉकर त्या रात्री याच पुतळ्यापाशी उभं राहून जमावाशी बोलला होता. हे लेखात येऊ दे, म्हणजे हलवायचा हट्ट का होता ते वेगळं सांगावं लागणार नाही.

पाटीपेन्सिल:
सहमत. 'एकोपा' बरा. आणि तो कुणाचा ते नाव घेऊन लिहा. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉन्फेडरेटप्रेमी गट पुतळ्याच्या समर्थनासाठी आवारात आले, त्याच दिवशी बास्केटबॉल संघाचे आठ खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघ्यावर बसले. हे एवढं लिहिलंत की 'ऐक्य' हा शब्द नाही आला तरी चालेल.

घाटवाट:
जाता जाता, या विद्यापीठाचं लाडकं नाव 'ओल मिस'. मळ्यावरचे गुलाम मालकिणीला ज्या नावाने हाक मारत, ते. पुतळा हलला, नाव जागेवरच आहे. गावच्या न्यायालयासमोरचा दुसरा कॉन्फेडरेट पुतळाही. काऊंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) मंडळाने जुलै २०२० मध्येच तो न हलवण्याचा निर्णय एकमताने घेतला.

रानजाई:
तेही चौकटीत घेते. शेवटची शंका: 'कॉन्फेडरेट'ला संपादकांनी 'संघराज्यवादी' केलंय. चालेल?

आजोळकर:
अहो, ते तर संघराज्यातून फुटून निघालेले! अर्थ बरोब्बर उलटा होतोय. 'कॉन्फेडरेट' तसंच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा' एवढं जोडा.