एका गिटारला दोन अ‍ॅम्प मॉडेल: टोन भरतो की नुसता आवाज वाढतो?

सहातारी (सांगली):
आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार एकच, माझी. कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅडच्या गर्दीत एका अ‍ॅम्पवर भागत नाही. फेंडर ट्विन रिव्हर्बचं मॉडेल (त्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल) लावलं की वरची चकाकी झकास, पण मधे पोकळ. मार्शल प्लेक्सी लावलं की मिड्स (आवाजाचा मधला पट्टा) दणदणीत, पण कॉर्डचे सूर एकमेकांत मिसळून जातात. म्हणून प्रोसेसरमध्ये (ही मॉडेलं असलेल्या डिजिटल पेटीत) सिग्नलचे दोन फाटे केले. एकात स्वच्छ ट्विन, दुसऱ्यात जेमतेम फाटणारं (आवाज किंचित खरखरीत करणारं) प्लेक्सी, पुढे दोन्ही एकत्र. प्लेक्सीचा गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) एकट्याला ठेवतो त्यापेक्षा बराच कमी. पिकचा ठोका ट्विन दाखवतं, अंग प्लेक्सी देतं. माझं स्पष्ट मत आहे की एकच गिटार असलेल्या बँडने दोन मॉडेल वापरावीतच. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन दोन-तीन अ‍ॅम्प एकदम लावायचा, ते काय हौस म्हणून?

कंदीपेढा (सातारा):
नाही पटलं. एकच सिग्नल दोन वाटांनी जाऊन परत एकत्र आला की पातळी चढते. दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या असतील तर ६ डेसिबलने. आणि जे मोठं ते कानाला भरदार वाटतंच. आधी मास्टर (एकूण आवाज) खाली घेऊन एकट्या ट्विनच्या पातळीवर आणा, मग बोलू. ट्विन मधे पोकळ वाटतं तर त्याला मिडलचा नॉब दिलाय की राव, तो फिरवायला काय पैसे पडतात?

सहातारी:
पातळी जुळवूनच बोलतोय. नॉबने मिड्स वाढतील, पण फाटणं कुठून येणार? प्लेक्सी फाटतं तेव्हा आवाज दाबलाही जातो, हलकं आणि जोरात वाजवलेलं जवळजवळ सारखं होतं. तो चढउतार स्वच्छ फाटा जपतो. हे ईक्यूचं (बास-मिडल-ट्रेबलच्या नॉबचं) काम नाही.

मिरजकर:
गवयाच्या मागे दोन तानपुरे का असतात? एकाने भागलं असतं तर आमच्या गावातल्या तंतुवाद्यवाल्यांनी जोड्या कशाला विकल्या असत्या! सहातारींना माझं मत.

कंदीपेढा:
मिरजकर, दाखला माझ्याच बाजूने दिलात. दोन तानपुरे दोन माणसं छेडतात. तारा वेगवेगळ्या क्षणी छेडल्या जातात, जवारीही थोडी निराळी, म्हणून तो भरणा. गिटारमध्ये त्याला जोड म्हणजे तोच भाग दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवणं. इथे हात एकच, पिक एकच. रेकॉर्डिंगला दोनदा वाजवा, मी हरकत घेणार नाही.

हळदपेठ (सांगली):
दोघांनीही फेजचा, म्हणजे दोन फाट्यांच्या लहरी एकमेकींशी जुळतात का याचा, विषय सोडलाय, आणि खरी मेख तिथेच आहे. एका फाट्याला फक्त १ मिलिसेकंद उशीर झाला, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पसमोरचा माइक साधारण ३४ सेंटीमीटर मागे सरकला, की ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. मग १५००, २५०० असे पुढेही पडतच जातात. ५०० म्हणजे गिटारचा गाभाच. प्रोसेसरमध्ये हा उशीर बहुतेक वेळा कॅबच्या आयआरमधून (स्पीकरची पेटी आणि माइक यांच्या आवाजाच्या डिजिटल ठशातून) येतो, कारण दोन आयआर वेगळ्या अंतरावरच्या माइकने घेतलेले असतात. म्हणून एका फाट्याची पोलॅरिटी (लहरीचं वर-खाली) उलटून बघायची. उलटल्यावर खालचा भाग गायब झाला तर आधीचंच बरोबर होतं.

ब्लॅकफेस (साठच्या दशकातल्या, काळ्या पॅनेलच्या) ट्विनच्या खऱ्या अ‍ॅम्पमध्येही हीच गंमत आहे. व्हायब्रॅटो चॅनलला रिव्हर्बसाठी एक जादा गेन स्टेज (सिग्नल वाढवताना उलटवणारा टप्पा) असते, त्यामुळे तो नॉर्मल चॅनलच्या उलट फेजमध्ये असतो. प्लेक्सीचे दोन चॅनल पॅच कॉर्डने जोडतात तसं इथे करून बघा, आवाज पातळच होईल.

आणि जोडी निवडताना घराणं बघा. मार्शलचा पहिला अ‍ॅम्प, जेटीएम ४५, फेंडर बॅसमनच्या सर्किटवरून बेतलेला, आणि प्लेक्सी त्याचाच पुढचा अवतार. त्या दोघांना एकत्र करून हाती फार काही लागत नाही. ट्विनसोबत व्हॉक्स एसी ३० घ्या. ईएल ८४ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), निगेटिव्ह फीडबॅक (आवाज ताब्यात ठेवणारी परतीची वाट) नाही, स्वभावच वेगळा. मी प्लेक्सीच्या जागी तेच लावलं असतं.

खर्जवाला:
बेस गिटार वाजवतो म्हणून विचारतो, आमच्या जागेत का घुसताय? तुमची सहावी तार ८२ हर्ट्झ, माझी जाड तार ४१. तुम्ही दोन अ‍ॅम्पचा बास चढवलात की मी नुसता उभा दिसतो. दोन्ही फाटे १०० च्या खाली कापा, मग खुशाल चार अ‍ॅम्प लावा.

कंदीपेढा:
हळदपेठ, तुमचं सगळं मान्य, पण इतकी काळजी घ्यायची तर एकच अ‍ॅम्प नीट लावलेला काय वाईट? आणि कुणी आता डावीकडे ट्विन, उजवीकडे एसी ३० असा स्टिरिओ सुचवू नका. गणपतीच्या मंडपातला साउंडवाला सगळं मोनोच करतो. शाहू कलामंदिरात स्टिरिओ मिळाला तरी डाव्या कोपऱ्यातल्या प्रेक्षकाला निम्मी गिटारच ऐकू येणार.

सहातारी:
मी मोनोतच जोडतो, वर लिहिलंय. एसी ३० लावून बघेन, पण चालू गाण्याला प्लेक्सीच बसतं.

कंदीपेढा:
मग दोन क्लिप टाका. पातळी एकच, कुठली कुठली ते लिहायचं नाही.

सहातारी:
टाकतो रविवारी. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निकाल देऊ नका.