काल्पनिक दुनियेतली लढाई आणि जखमा सांधणारे वैदू : नियम कसे बांधावेत?

खाडीकाठ (ठाणे)
कादंबरीतली दुनिया काल्पनिक आहे, पण रणभूमी आपल्या ठाण्याच्या खाडीसारखी घेतली आहे : ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल, तिवरांची झाडी, काठावर किल्ला. लढाईनंतर ४०० जखमी आणि हात ठेवून जखम सांधणारे वैदू फक्त ६. सध्याच्या खर्ड्यात वैदू हात ठेवतो, जखम मिटते, शिपाई पुन्हा तलवार उचलतो. मग कुणाच्याच जिवाची काळजी वाटत नाही. 'शक्ती संपली' छापाची मर्यादा नको आहे; शरीरातूनच निघणारी हवी आहे. बाण, तलवार, गदा यांच्या जखमांत नेमकं काय होतं आणि जादू नसताना काय करतात, तेही सांगा.

तिवरवाट (ऐरोली)
मर्यादा तुमच्या चिखलातच आहे. जखम वरून मिटवणं म्हणजे बरी करणं नव्हे. आत चिखल, कापडाचा धागा, मेलेलं मांस राहिलं आणि वरची कातडी सांधली, तर हवा न लागणारे जंतू आत वाढतात. एक ते चार दिवसांत मांडी फुगते, दाबली की कातडीखाली चुरचुर आवाज येतो, घाण वास सुटतो आणि माणूस जातो. धनुर्वात त्यानंतर, साधारण ३ ते २१ दिवसांत. म्हणून रणांगणावरची मळलेली जखम जाणते शल्यवैद्य लगेच शिवत नाहीत. धुतात, मेलेलं मांस कापतात, ओल्या कापडाने उघडीच झाकतात आणि चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर शिवतात. मेलेलं मांस ओळखायचं कसं? चिमटा घेतला तर आकसत नाही, कापलं तर रक्त येत नाही, रंग काळपट.

थोडक्यात, वैद्याचा हात कातडीला सगळ्यात शेवटी लागायला हवा. घाईने 'बरा' केलेला शिपाई तिसऱ्या दिवशी तापाने फणफणला, की तुमची गोष्ट तिथून सुरू होते.

धुण्याचं पाणी : १ लिटरला ९ ग्रॅम मीठ (साधारण दीड चहाचा चमचा), उकळून गार केलेलं. मोठ्या जखमेला ३ लिटर तरी लागतं. खाडीचं पाणी चालणार नाही. त्यातल्या काही जंतूंनी एका दिवसात पाय सडतो. निम्म्या जखमींना सरासरी २ लिटर धरलं तरी ४०० लिटर गोडं पाणी, ३.६ किलो मीठ आणि ते उकळायला सरपण. किल्ल्यात विहीर किती खोल आहे हे प्रकरणात यायलाच हवं.

कळवा_नाका
हिशेब करून पाहा. एका जखमीला १० मिनिटं धरली तर ६ वैदू तासाला ३६ जण बघतील, ४०० ना ११ तास. मांडीची मुख्य धमनी तुटलेला माणूस तीन-पाच मिनिटांत संपतो. म्हणजे खरा जीव शेजारचा शिपाई वाचवतो, वैदू नव्हे. प्रत्येकाच्या कमरेला दीड-दोन इंच रुंद पट्टी आणि वीतभर काठी द्या. जखमेच्या वर चार बोटं, सांधा टाळून पट्टी बांधायची, गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायची, काठी बांधून टाकायची. अशी पिळाची काठी युरोपात १६७४ च्या वेढ्यात वापरल्याची नोंद आहे. दोरी वापरू नका, ती कातडी आणि नस कापते. सैल पट्टी तर आणखी वाईट : रक्त आत जातं, परत येत नाही, उलट जास्त वाहतं. दोन तासांपर्यंत पाय सुरक्षित, सहा तासांनंतर बहुधा कापावाच लागतो. बांधल्याची वेळ कपाळावर कोळशाने लिहायला लावा. भरती-ओहोटीत सहा तासांचं अंतर असतं, ते घड्याळ तुम्हाला आयतं मिळालंय. जांघेत आणि काखेत पट्टी बसत नाही. तिथे कापड बोटाने खोलवर ठासून पूर्ण वजनाने १० मिनिटं दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही.

शल्यहर (वाशी)
बाणाबद्दल. रुतलेला बाण रणात उपटायचा नाही, कारण तोच बूच असतो. शिवाय दांडी निघते आणि फाळ आत राहतो. सुश्रुतांनी दोन वाटा सांगितल्या आहेत : फार आत न गेलेलं शल्य (रुतलेली वस्तू) आलेल्या वाटेने मागे (प्रतिलोम), पलीकडे पोचलेलं पुढे काढायचं (अनुलोम). आतडं फाटल्यावर काळ्या मुंग्यांनी चावा घेऊन कडा धरायच्या, हेही त्यांच्याकडे आहे. १४०३ मध्ये इंग्लंडच्या सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या चेहऱ्यात सहा इंच खोल फाळ रुतला होता. वैद्याने मधात भिजवलेल्या कापडी वाती घालून वाट हळूहळू रुंद केली, पोकळ स्क्रूच्या चिमट्याने फाळ काढला आणि पुढे सुमारे २० दिवस वाती बारीक करत जखम तळापासून भरू दिली. 'तळापासून' हा शब्द वैद्याच्या तोंडी घाला.

छातीच्या भोकातून श्वासाबरोबर फसफस आवाज आला, तर झाकून टाका, पण नजर ठेवा. धाप वाढून गळ्याच्या शिरा फुगल्या तर झाकण लगेच उचलून हवा जाऊ द्यायची. बाहेर आलेलं आतडं आत कोंबू नये, ओल्या स्वच्छ कापडाने झाकावं आणि पाणी पाजू नये.

खाडीकाठ (ठाणे)
फार उपयोगी पडतंय. खर्ड्यात हळद भरणं आणि उकळतं तेल ओतणं आहे. ठेवू?

तिवरवाट (ऐरोली)
तेल अडाणी वैद्याच्या हाती द्या. फ्रेंच शल्यवैद्य पारे यांचं तेल १५३७ च्या मोहिमेत संपलं. त्यांनी अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर आधी तेल ओतलेले तापाने तळमळत होते, बाकीचे शांत झोपले होते. सुकी हळद खोल जखमेत नको, तिचे कण आत अडकतात. मध चांगला : पाणी ओढून घेतो, जंतूंना जगू देत नाही. कापडावर लावून रोज बदलायचा. पोट-छातीच्या पोकळीत मात्र ओतायचा नाही.

कळवा_नाका
गदेचं राहिलं. कातडी शाबूत असते म्हणून वैदू फसतो. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटरभर रक्त साठू शकतं. पाय ओढून धरून फळीला बांधायचा, मगच झोळीत घालायचा.

आता रक्ताची मर्यादा. ६० किलोच्या माणसात सुमारे ४.२ लिटर रक्त, त्यातलं ४० टक्क्यांहून जास्त गेलं की जगणं अवघड. जादूने भोक बुजलं तरी गेलेलं रक्त परत येत नाही. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशींना महिना-दोन महिने. असा शिपाई उभा राहताच त्याला भोवळ येईल. रक्तही जादूनेच बनवायचं म्हणाल, तर लोह हवं : लिटरला साधारण अर्धा ग्रॅम. ते जखमेतून काढलेल्या फाळातून घेऊ द्या ना! एका फाळात अनेकांपुरतं लोह असतं, फक्त प्रत्येक फाळ शोधून काढावा लागेल.

शल्यहर (वाशी)
ही कल्पना जरूर वापरा. व्रणाचं बळ पण लक्षात ठेवा : तीन आठवड्यांनी मूळच्या कातडीच्या पाव-एक, तीन महिन्यांनी ८० टक्के, पूर्ण कधीच नाही. टाके चेहऱ्यावरचे पाच दिवसांत काढतात, पायाचे चौदा दिवसांनी. शिवणं हाताला कळावं म्हणून कातडीसकट कोंबडीची तंगडी आणा, रेशमी दोरा आणि वाकडी सुई घ्या. दाभण जाड पडते, कातडी फाटते. प्रत्येक टाका सुटा, गाठ कडेला. गाठ आवळल्यावर कडा पांढऱ्या पडल्या तर टाका घट्ट झालाय, तिथलं मांस मरेल. सोडून पुन्हा घाला.