जुनी शो-बड कंपनीची पेडल स्टील गिटार, मागणी 2,600 डॉलर. घ्यावी का?

तारझंकार (डॅलस):
हवाईयन गिटारवर हात बसलेला आहे, पेडल स्टील (पायांवर आडवी उभी, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरने तारांचे सूर बदलणारी) मात्र पहिलीच. इथे जवळच एक शो-बड प्रो-1 विकायला आहे: एक नेक, 10 तारा, 3 पेडल, गुडघ्याचे 2 लिव्हर, 1970च्या दशकाच्या उत्तरार्धातली. लॅकरला बारीक तडे, केस मूळची. मागणी 2,600 डॉलर. शनिवारी बघायला जातोय, तासभर मिळेल. ट्यूनर आणि मल्टिमीटर नेतोय. काय काय तपासू? आणि फ्रेट किती झिजलेत ते कसं ओळखायचं?

खर्ज:
फ्रेटचं सोडा. त्या नुसत्या रंगवलेल्या रेघा आहेत, तार त्यांना टेकतच नाही. पैसे द्यायचे ते पोटाखालच्या यंत्राचे. पाय बसवण्याआधी गिटार केसमध्ये पालथी असते, तेव्हाच टॉर्च मारून सगळं बघून घ्या. उभी राहिली की वाकून काही दिसत नाही.

मग ई-9 या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नीट लावा आणि या दोन चाचण्या कराच.

पहिली: 4थी तार (ई) ट्यूनरवर बरोबर शून्याला आणा. ए आणि बी पेडल एकदम दाबून धरा आणि तीच तार पुन्हा छेडा. ही दोन पेडल 5, 10, 3 आणि 6 या तारा चढवतात, 4थीला हात लावत नाहीत. तरी ती थोडी उतरते, कारण वाढलेल्या ताणाने लाकूडच किंचित वाकतं. 3-4 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरली तर चालतं. 10च्या पुढे गेली तर सांधा सुटलाय किंवा लाकडाला चीर आहे असं समजून शोधाशोध करा.

दुसरी: 8वी तार लिव्हरने ई फ्लॅटला उतरवा, सोडा, वाचन घ्या. ई ते एफ चढवणारा लिव्हर असेल तर तो दाबून सोडा आणि पुन्हा वाचन घ्या. दोन्ही वेळा तार त्याच जागी यायला हवी. येत नसेल तर बहुतेक वेळा चेंजरमधलं, म्हणजे तारा ओढून-सोडून सूर बदलणाऱ्या यंत्रणेतलं, जुनं तेल चिकटून बसलेलं असतं. नॅफ्था (लायटरचं इंधन) थेंबथेंब सोडत पेडल हलवत राहिलं की ते सुटतं, नंतर हलक्या तेलाचा एकेक थेंब पुरे. हा दोष दुरुस्त होतो, पण भाव करताना सांगायला विसरू नका!

रोलरनट:
शो-बडचा खरा धोका वेगळाच आहे: पॉट मेटल, म्हणजे स्वस्त, ठिसूळ ओतीव मिश्रधातू. आधीच्या गिटारींत सुटे भाग कातून केलेले असत, त्या दशकाच्या उत्तरार्धात बरेच ओतीव आले. करडा निस्तेज रंग, गोलसर कडा, साच्याची रेघ दिसली की ओळखा. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. बेलक्रँक (पेडलची ओढ रॉडकडे वळवणारे छोटे दांडे) आणि लिव्हरचे ब्रॅकेट बघा, त्यातही स्क्रू जिथे आवळला जातो तिथे केसासारखी चीर आहे का ते. लिव्हर आडवा हलवून बघा, खडखडला तर भोक मोठं झालंय. कातीव बदली भाग आज विकत मिळतात, पण सगळा संच बदलायला निघालात तर हिशेब बिघडेल.

आणखी एक. चेंजरच्या बोटांवर, तार वळते तिथे, नखाने चाचपा. खोल चर पडले असतील तर तार झणझणते. सतारीला जवारी हवी, इथे ती दोष. शिवाय 3री तार (0.011 इंच जाडीची) तिथेच तुटते. बी पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा, तुटायची असेल तर विकणाऱ्यासमोरच तुटू दे.

मींड:
लॅकरच्या तड्यांवरून भाव पाडायला जाऊ नका, त्या वयाच्या शो-बडला ते असतातच. उलट चकचकीत दिसली तर नव्याने पॉलिश केली आहे का ते विचारा. त्याने किंमत उतरते. पिकअप मल्टिमीटरवर काही किलोओहम दाखवत असेल तर जिवंत आहे. आकडा काहीच येत नसेल तर आधी केबल आणि जॅक तपासा, मग वाइंडिंग तुटलंय म्हणा. तेही पुन्हा गुंडाळून मिळतं.

माझी हरकत 2 लिव्हरवर आहे. आज 4 धरूनच शिकवतात. ई ते एफ चढवणारा आहे का ते आधी बघा. जी मेजर कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर काहीही न दाबता, दहाव्यावर ए-बी पेडलने, आणि मधला सहाव्यावरचा ए पेडल अधिक या लिव्हरने मिळतो. तो नसेल तर मधली पायरीच गेली.

तारझंकार:
बघून आलो. 4थी तार 5 सेंट उतरते. 8वी ई फ्लॅटवरून परत येताना 7 सेंट चढी राहते. एका ब्रॅकेटला स्क्रूपाशी चीर. पिकअप ठीक. लिव्हर दोन्ही उतरवणारे, एफवाला नाही.

रोलरनट:
5 सेंट ठीक, 7 सेंट तेलाचे असावेत. ब्रॅकेट मात्र बदलावंच लागेल.

मींड:
ब्रॅकेट, दोन नवे लिव्हर त्यांच्या रॉड आणि बेलक्रँकसकट, वर बसवायची मजुरी, असं लेखी अंदाजपत्रक दुरुस्ती करणाऱ्याकडून आधी घ्या. तेवढी रक्कम 2,600 मधून वजा करून बोली लावा. तो हलला नाही तर 3 पेडल-4 लिव्हरची दुसरी शोधा, ब्रँड कुठलाही चालेल. फक्त शो-बडचं मॅव्हरिक मॉडेल नको. ते विद्यार्थ्यांसाठीचं साधं मॉडेल आहे, त्यात लिव्हर वाढवणं महाकठीण.